घरच्या घरी तळलेली कोंबडी : कोवळा पक्षी व बेताची आच

महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाला कोंबडीचा रस्सा शिकवावा लागत नाही. खुराड्यातील पक्षी जून असो वा कोवळा, पाट्यावरचे वाटण, भरपूर पाणी आणि दोन तासांचा विस्तव एवढे मिळाले की तो निमूटपणे शिजतो. तळणाची गोष्ट तशी नाही. पीठ लावून तेलात तळलेली कोंबडी आता लहान शहरांतूनही विकत मिळू लागली आहे व ती घरी करावी असा हट्ट मुले धरू लागली आहेत. गृहिणी मोठ्या हौसेने परसातला कोंबडा कापून घेते, मसाला सढळ हाताने चोळते, तेल धूर येईपर्यंत तापवते. आणि पानात येते ते बाहेरून करपलेले, हाडापाशी कच्चे व दातांना न जुमानणारे मांस. सहा महिने दाणे टिपून वाढलेला पक्षी आणि लिटरभर तेल एका दुपारी वाया जाते. मग दोष मसाल्यात शोधला जातो. तो बहुधा तेथे नसतोच. तो पक्ष्याच्या वयात व तेलाच्या तापमानात असतो.

हे नीट समजण्यासाठी हा पदार्थ ज्या मुलखाचा आहे तेथील रीत पाहणे उपयोगी पडते. पीठ लावून तळलेली कोंबडी हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील राज्यांचा घरगुती पदार्थ होय. मेरी रँडॉल्फ या बाईंनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात त्याची कृती आली आहे. ती वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते तिच्या आखूडपणाचे. कोंबडीचे तुकडे करावे, त्यांना पीठ चांगले माखावे, मीठ भुरभुरावे आणि पुरेशा उकळत्या चरबीत फिकट तांबूस होईपर्यंत तळावे, तळणीविषयी एवढेच काय ते सांगितले आहे. अंडे नाही, घोळ नाही, मसाल्यांची यादी नाही. ताकात भिजवण्याचाही उल्लेख नाही. ज्या स्वयंपाकघरातून ही कृती आली तेथे चुलीपुढे उभ्या असत त्या बहुधा आफ्रिकी वंशाच्या गुलाम स्त्रिया. त्यांच्या हातांना जे ठाऊक होते ते पुस्तकात उतरले नाही, इतकाच त्या आखूडपणाचा अर्थ.

त्या हातांची किंमत पुढे उघड झाली. दक्षिणेतील अनेक मळ्यांवर गुलामांना गुरेढोरे बाळगण्याची मुभा नसे, पण चार कोंबड्या पाळू दिल्या जात. त्यामुळे कोंबडी हे त्यांच्या हाती असलेले एक लहानसे भांडवल होते. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल या रेल्वेच्या गावी मुक्त झालेल्या स्त्रियांनी याच भांडवलावर व्यवसाय उभा केला. गाड्यांना त्या वेळी भोजनाचे डबे नसत. गाडी स्थानकात आली की या स्त्रिया डोक्यावर परातीसारखी तबके घेऊन फलाटावर येत व तळलेली कोंबडी खिडकीतून उतारूंच्या हाती देत. या विक्रीतून स्वतःचे घर उभारल्याची आठवण त्यांच्या घराण्यांत सांगितली जात असे, आणि अमेरिकन अभ्यासिका सायकी विल्यम्स-फोर्सन यांनी २००६ मध्ये आपल्या ग्रंथाला त्याच आठवणीवरून नाव दिले. अंडी व कोंबड्या विकून घरातील तेल-मिठाचा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकरी स्त्रियांना ही गोष्ट फारशी परकी वाटणार नाही.

गॉर्डन्सव्हिल ज्या परगण्यात आहे त्याच ऑरेंज परगण्यात, मुक्त गुलामांनी वसवलेल्या फ्रीटाउन नावाच्या शेतकरी वस्तीत, एडना लुईस (१९१६–२००६) या प्रसिद्ध पाककर्त्या जन्मल्या. १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वस्तीवरील वर्षभराचा स्वयंपाक ऋतुमानानुसार मांडला आहे. त्यांच्या लहानपणी तळलेली कोंबडी बारमाही नव्हती. वसंतात अंड्यातून निघालेली पिले मोठी होऊ लागली की त्यांतील नर तळणीसाठी निवडले जात. हिवाळ्यात मिळे ती जून कोंबडी, आणि ती रश्शात जाई. तळणे हा त्या पदार्थाचा ऋतू होता असे म्हटले तरी चालेल.

हा ऋतू मोडला तो विसाव्या शतकात. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू येथील सेसिल स्टील या शेतकरी स्त्रीने अंड्यांसाठी पन्नास पिले मागवली असता चुकीने पाचशे आली. ती परत न पाठवता तिने मांसासाठी वाढवून विकली, आणि भाव इतका चांगला मिळाला की पुढील तीन वर्षांत तिने दहा हजार पक्ष्यांचे घर बांधले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गाई-डुकरांच्या मांसावर नियंत्रण आले, कोंबडीवर आले नाही. त्यामुळे तिचा खप वाढला. १९४८ मध्ये ‘उद्याची कोंबडी’ या नावाने राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली. कमी दिवसांत भरदार छाती धरणारा पक्षी निवडणे हा तिचा हेतू होता, व कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांच्या संकरातून आलेला पक्षी तीत पहिला ठरला. आजची मांसल कोंबडी, म्हणजे बाजारातील ब्रॉयलर, या वाटेने आली आहे. भारतात या उद्योगाला मोठी चालना मिळाली ती पुण्यातून, डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. परिणाम असा की फ्रीटाउनमध्ये वर्षातून काही आठवडेच मिळणारा कोवळा पक्षी आज महाराष्ट्रातील कोणत्याही आठवडी बाजारात बारमाही मिळतो. अडचण येते ती परसातील गावठी पक्ष्याला हीच रीत लावू पाहणाऱ्या घरात.

कोणता पक्षी तळणीस, कोणता रश्शास

मांस मऊ किंवा निबर होते ते मुख्यतः स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतूंमुळे. पक्षी जसजसा वयाने वाढतो, उड्या मारतो, उकिरडा उकरतो, तसतसे हे तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात. त्यांचा चिवटपणा जाऊन ते मऊ, चिकट द्रवात उतरण्यास ओली उष्णता व बराच वेळ लागतो. रश्शाला तो वेळ मिळतो. तळणीतील तुकड्याला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक मिळत नाही, कारण तेवढ्यात बाहेरील पीठ तांबूस होऊन गेलेले असते. म्हणून तळणीत जायचा पक्षी जन्मतः कोवळाच हवा. कोणतेही वाटण, कोणताही पपईचा चीक ही उणीव पुरतेपणी भरून काढत नाही. पपईने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वर्गवारीत ‘फ्रायर’, म्हणजे तळण्याजोगा पक्षी, दहा आठवड्यांहून लहान असावा लागतो. दहा महिन्यांवरील कोंबडी शिजवण्याच्या वर्गात जाते. वय ठाऊक नसेल तर ओळखण्याची खूण सोपी आहे. छातीच्या मधल्या हाडाचे मागील टोक बोटाने दाबून पाहावे. कोवळ्या पक्ष्यात ते कूर्चेचे असते व सहज वाकते. जून पक्ष्यात ते हाडासारखे ताठ लागते. कोंबड्याच्या पायावरील आरीही पाहावी. ती नुसती गाठीएवढी असेल तर पक्षी तळणीचा, बोटाच्या पेराएवढी बाहेर आली असेल तर रश्शाचा.

या हिशेबाने बाजारातील सहा आठवड्यांचा मांसल पक्षी तळणीस योग्य ठरतो. मात्र फार मोठा घेऊ नये. साफ केल्यावर एक ते सव्वा किलो भरेल असा घेतल्यास तुकडे लहान राहतात व बाहेरचा रंग आणि आतील शिजणे यांची गाठ बरोबर पडते. परसात वनराजा किंवा गिरिराज यांसारख्या सुधारित जाती असतील तर त्यांतील जास्तीचे नर दहा-बारा आठवड्यांचे असतानाच तळणीस काढावेत. हा सल्ला केवळ चवीचा नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या कळपात गरजेपेक्षा अधिक नर सांभाळणे म्हणजे फुकट दाणा घालणे होय. ते लवकर कमी झाले तर भांडणेही कमी होतात व तलंगांना खाद्य पोटभर मिळते. शुद्ध गावठी कोंबडा या वयात हडकुळाच असतो. त्याला वाढू द्यावे आणि रश्शासाठी राखावे. त्याच्या रश्शाची सर ब्रॉयलरला येत नाही, आणि ब्रॉयलरच्या तळणाची सर त्याला येत नाही. यात कमीपणा कोणाचाच नाही.

कापण्यापासून मिठापर्यंत

मारल्यानंतर काही तासांत पक्ष्याचे स्नायू आखडतात व पुढे हळूहळू पुन्हा सैल पडतात. पाहुणा ओसरीवर बसला असताना कापलेली कोंबडी आखडण्यापूर्वीच पातेल्यात जाते, म्हणून रश्शात ते फारसे जाणवत नाही. तळणीसाठी मात्र मधल्या आखडलेल्या वेळी तुकडे घेतले तर कोवळा पक्षीही रबरासारखा लागतो. अमेरिकेतील जुन्या शेतघरांत आदल्या दिवशी कापलेला पक्षी रात्रभर थंड जागी ठेवीत, तो याचसाठी. महाराष्ट्राच्या हवेत मात्र उघड्यावर ठेवण्याचा विचारही करू नये. शीतकपाट किंवा बर्फाची पेटी असेल तर चार ते सहा तास किंवा रात्रभर ठेवावा. नसेल तर दुकानातून विश्वासाचा ताजा पक्षी तळण्याच्या थोडाच वेळ आधी आणावा व लगेच कामाला लागावे. कच्चे मांस सामान्य उष्णतेत दोन तासांहून अधिक आणि भर उन्हाळ्यात एका तासाहून अधिक बाहेर राहता कामा नये.

खाटकाला दोन गोष्टी आधी बजावून सांगाव्या लागतात. पहिली, साल काढू नये. महाराष्ट्रातील दुकानांत साल ओढून काढून कोंबडी देण्याची पद्धत आहे व रश्शासाठी ती ठीक आहे. तळणीत मात्र सालीखालील चरबी वितळून मांस ओले ठेवते, आणि पिठाचे कवच घट्ट बसते ते सालीवरच. सोललेला तुकडा तळला तर पृष्ठभाग सुतळीसारखा वाळतो. घरी पिसे काढायची असल्यास पाणी उकळते घेऊ नये. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात मिनिटभर बुडवल्यास पिसे सुटतात. त्याहून कडक पाण्यात साल शिजते व ओढताना फाटते. दुसरी गोष्ट, कोयत्याने हाडावर घाव घालून लहान तुकडे करू नयेत. हाडांच्या कपच्या मांसात शिरतात व मुलांच्या घशाला धोका होतो. सुरी सांध्यावर चालवून दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख आणि छातीचे चार भाग असे दहा तुकडे करावेत. पाठ, मान व हाडे रश्शासाठी बाजूला ठेवावीत.

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवय मोडणे कठीण आहे, पण मोडावी. धुण्याने जंतू जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, कोथिंबिरीवर व पिण्याच्या भांड्यांवर उडतात. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब-तापाचे जंतू असू शकतात व ते मरतात ते उष्णतेने. तुकडे स्वच्छ कागदाने किंवा फडक्याने टिपावेत, फडके लगेच गरम पाण्यात उकळावे, आणि सुरी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नयेत. कांदा-टोमॅटो त्याच पाटावर चिरला तर तळणीतील सारी काळजी व्यर्थ जाते.

मीठ मांसाच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे किलोस पंधरा ग्रॅम किंवा सुमारे अडीच चहाचे चमचे पुरते. ते आधी चोळले तर आत मुरते व मांस आपले पाणी धरून ठेवते. आयत्या वेळी फक्त पिठात घातले तर कवच खारट आणि मांस अळणी होते. चमचाभर मिऱ्याची पूड व अर्धा चमचा लाल तिखट याहून अधिक काही लागत नाही. आले-लसूण वाटून लावणाऱ्यांनी जरूर लावावे, पण वाटण तुकड्यावर जाड राहिले तर तेलात तेच आधी करपून कडू होते, एवढे ध्यानात ठेवावे.

ताकाविषयी थोडे. दक्षिणेकडील अनेक घरांत तुकडे ताकात भिजवण्याची रीत आहे. तेथील ताक दाट असते. इकडील पाणी घालून पातळ केलेले ताक त्या कामाचे नाही. आंबट न झालेले दही पाणी न घालता घुसळून अर्धा लिटर घ्यावे व त्यात तुकडे बुडवून शीतकपाटात चार तासांपासून रात्रभर ठेवावेत. ताकाच्या सौम्य आंबटपणाने वरचे मांस थोडे मऊ पडते आणि त्याच्या ओलसर थराला पीठ धरते. शीतकपाट नसेल तर अर्ध्या तासावर ठेवू नये. उरलेले ताक कशातही वापरू नये, फेकून द्यावे.

पीठ, चरबी आणि भांडे

पाव किलो मैद्यात किंवा चाळलेल्या बारीक गव्हाच्या पिठात एक चमचा मीठ व तितकीच मिरपूड मिसळावी. तुकडा ताकातून काढून निथळावा, पिठात चहूकडून दाबून घोळवावा, जास्तीचे पीठ झटकावे आणि जाळीवर किंवा रोवळीवर पंधरा-वीस मिनिटे सुटा ठेवावा. या वेळात पीठ ओल शोषून सालीला चिकटते. घाई करून कोरडे पीठ तेलात टाकले तर ते सुटून तळाशी बसते, जळते, आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला काळे ठिपके व कडू चव देते. बेसनाचा घोळ करून भज्यांसारखे तळणे हा वेगळा पदार्थ आहे. तो रुचकर होतो, परंतु त्याच्या जाड आवरणाखाली हाडासकट मांस शिजणे अवघड जाते.

दक्षिणेत तळण पूर्वापार डुकराच्या चरबीत होत असे; एडना लुईस तीत लोणी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक काप वासासाठी घालीत. शेंगदाण्याचे तेलही तेथे पुष्कळ वापरले जाते, व महाराष्ट्रातील घराला ते सर्वांत सोयीचे. तळणीसाठी शुद्ध केलेले, म्हणजे रिफाइंड, शेंगतेल घ्यावे. घाण्याचे तेल चवीला उत्तम असले तरी त्याला धूर लवकर येतो.

भांडे बिडाचे असावे हे उत्तम. बीड सावकाश तापते, पण तापले की उष्णता धरून ठेवते, आणि थंड तुकडे पडल्यावर तेल एकदम निवत नाही. पंचवीस सेंटिमीटर रुंदीची, सपाट बुडाची व उभ्या काठाची कढई असेल तर पाऊण ते एक लिटर तेल पुरते. तेल तुकड्यांच्या निम्म्या उंचीइतके यावे, आणि भांडे कधीही निम्म्याहून अधिक भरू नये. खोल गोल कढईत तेल जास्त लागते. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात तळाचे पीठ करपते.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. केंटकीच्या हारलँड सँडर्स यांनी १९३९ च्या सुमारास दाबाच्या भांड्यात कोंबडी तळण्याची रीत बसवली व पुढे ती जगभर गेली, हे ऐकून कोणी घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल तापवू पाहील. तसे कदापि करू नये. घरगुती कुकर पाणी व वाफेसाठी बनवलेला असतो. तेलाच्या तापमानाला त्याचे रबरी कडे व झडप टिकत नाहीत, आणि ती सुटल्यास उकळते तेल अंगावर उडते. व्यावसायिक यंत्रे त्याच कामासाठी वेगळी बांधलेली असतात.

तळणी

तेल १७० अंश सेंटिग्रेडला आणावे. स्वयंपाकघरातील तापमापक आता सहज मिळतो व वाया गेलेल्या दोन कोंबड्यांच्या किमतीहून तो महाग नाही. तो नसेल तर पिठाची बारीक गोळी टाकून पाहावी, जशी पुरीच्या वेळी पाहतात. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल कमी तापले. टाकताच वर उसळून भराभर तांबूस झाली तर फार तापले. क्षणभर खाली जाऊन बुडबुड्यांसह संथ वर आली तर बेताचे.

या बेताला कारण आहे. तुकडा तेलात पडताच त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन जोराने बाहेर पडू लागते. ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. जोवर वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरण्यास जागा मिळत नाही. तेल थंड असेल तर वाफ मंदावते आणि पीठ तेल पिऊन बसते. तेल फार कडक असेल तर कवच पाच मिनिटांत काळवंडते, आणि हाडापर्यंत उष्णता पोचण्यास लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. म्हणजे तेलकट कोंबडी व कच्ची कोंबडी हे एकाच चुकीचे दोन चेहरे होत.

शीतकपाटातील तुकडे तळण्यापूर्वी बाहेर काढून पीठ लावले की तो वेळ पुरेसा होतो. त्याहून जास्त बाहेर ठेवू नयेत. मांड्या व तंगड्या भांड्याच्या मध्यावर, जेथे आच जास्त असते तेथे, आणि छाती व पंख कडेला, सालीची बाजू खाली करून ठेवावेत. तुकड्यांत बोटभर अंतर राहावे. सगळी कोंबडी एकदम मावली नाही तर दोन घाणे काढावेत. तुकडे पडले की तेल १५० अंशांपर्यंत उतरते, तेथून ते १५० ते १६० च्या दरम्यान राखावे. आता आच थोडी वाढवावी, थोडी कमी करावी, बुडबुड्यांचा आवाज ऐकत राहावा. अनुभवी बाई भांड्याकडे न पाहताही तो ऐकते: खळखळ जोरात असेल तर आतील पाणी अजून निघत आहे, आवाज बारीक होत आला तर उलटण्याची वेळ झाली.

दक्षिणेतील पुष्कळ घरांत पहिली सात-आठ मिनिटे झाकण ठेवतात. त्याने वरचा उघडा भागही शिजू लागतो. झाकण काढताना ते आपल्यापासून दूर कलते करून उचलावे व त्यावर साचलेले पाणी तेलात पडू देऊ नये. मग चिमट्याने तुकडे एकदाच उलटावेत आणि उघड्यावर आणखी आठ ते दहा मिनिटे तळावेत. काट्याने टोचू नये. टोचलेल्या जागेतून रस निघून जातो. पंख आणि छाती आधी काढावी, मांड्या शेवटी.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. रस पांढरा निघतो का हे पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही, कारण कोवळ्या पक्ष्याच्या हाडातील मगजामुळे पुरती शिजलेली मांडीही कधी हाडापाशी लालसर दिसते, आणि न शिजलेली छाती पांढरी दिसू शकते. तापमापकाची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी. ७४ अंशांस मांस निर्धोक होते. मांडी ८० च्या पुढे गेली तर अधिक मऊ लागते. तापमापक नसल्यास पहिल्या वेळी सर्वांत जाड मांडी हाडापर्यंत चिरून पाहावी. मांस हाडावरून सहज सुटत असेल आणि तंतूंत काचेसारखी झाक कोठेही नसेल तरच भांडे उतरावे.

काढलेले तुकडे जाळीवर ठेवावेत. परातीत एकावर एक रचल्यास त्यांचीच वाफ कवच भिजवते, आणि अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांत बिघडते. तेलाने पेट घेतल्यास आच बंद करून घट्ट झाकण घालावे. पाणी ओतू नये. तळणी चालू असताना लहान मुलांना ओट्यापाशी येऊ न देणे हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

जून कोंबडीचे काय

अंडी देणे थांबलेली किंवा वरचेवर खुडूक बसणारी कोंबडी तळायचीच असेल तर तिला दोन आचा द्याव्या लागतात. तुकडे मीठ, हळद आणि बुडेल इतके पाणी घालून मंद विस्तवावर, किंवा येथे खुशाल कुकरमध्ये, मऊ होईपर्यंत शिजवावेत. पाण्यातून काढून निववावेत, कोरडे करावेत, ताकात बुडवून पिठात घोळवावेत आणि १८० अंशांच्या तेलात तीन-चार मिनिटे केवळ रंगापुरते तळावेत. मांस आधीच शिजलेले असल्याने येथे कडक तेल चालते. उरलेले पाणी हा दाट, पिवळा, उत्तम रस्सा होय. अंड्यांच्या व्यवसायातून काढलेल्या कोंबड्या स्वस्त मिळतात; त्यांना ही रीत फार मानवते, आणि मोठ्या पंगतीला ती परवडते.

उरलेले तेल निवल्यावर बारीक कापडातून गाळून, झाकून, अंधाऱ्या जागी ठेवावे व एक-दोन वेळा तळणीसच वापरून संपवावे. ते काळपट झाले, फेस धरू लागले किंवा पूर्वीपेक्षा लवकर धुरू लागले की टाकावे. भारतात १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना, एकूण ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. घरी ते मोजण्याचे साधन नसते, म्हणून डोळा आणि नाक यांवरच विसंबावे लागते. मोरीत ओतू नये, नळ तुंबतो. तळाच्या दोन चमचे तेलात तितकेच पीठ भाजून त्यात कपभर दूध, मीठ आणि मिरे घातले की दक्षिणेत कोंबडीबरोबर वाढतात ती पांढरी, दाट कढी होते. भाकरीशीही ती जुळते.

नीट तळलेली कोंबडी थंड झाल्यावरही चांगली लागते, आणि हा गुण केवळ सोयीचा नव्हता. वर्णभेदाच्या दिवसांत दक्षिणेतून प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना वाटेतील खाणावळी जेवण देत नसत. ती कुटुंबे बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, पाव व केक बांधून निघत आणि गाडीत किंवा रस्त्याकडेला जेवत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खाणावळींतील हा भेद बेकायदा ठरला. आज शेतावर किंवा एस.टी.च्या प्रवासात अशी शिदोरी न्यायची झाल्यास तळल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात संपवावी. त्याहून लांबचा पल्ला असेल तर ती पूर्ण निववून, शीतकपाटात गार करून, बर्फाच्या पेटीतूनच न्यावी. उरलेली कोंबडी शीतकपाटात तीन ते चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी ती बिडाच्या तव्यावर मंद आचेने, उलटीपालटी करीत, आतपर्यंत चांगली कढत होईतो तापवावी. झाकण ठेवू नये, कवच मऊ पडते.